चौकट : पाण्यावरची फळी

पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडायचं, ही गावाकडची जुनी रीत. भोपळा उभ्याउभ्या तरंगवतो. वेकबोर्डचं तसं नाही. फोमच्या गाभ्यावर फायबरग्लासचे थर दिलेली, सुमारे 130 ते 145 सेंटिमीटर लांबीची ही फळी माणसाला पेलते ती वेगाच्या जोरावर. ओढ थांबली की स्वार पाण्यात! म्हणून लाइफ जॅकेट हवंच.

स्वाराला ओढणारी बोट ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाने धावते. स्वार आडवा उभा राहून तिच्यामागे उठलेल्या लाटेवरून उसळी घेतो. फळीच्या तळाचा बाक सलग असेल तर चाल मऊ, तीन टप्प्यांत मोडलेला असेल तर उडी उंच.

1985मध्ये टोनी फिन यांनी वेकबोर्डची पूर्वज असलेली ‘स्कर्फर’ ही फळी आणली. तिच्यावर पाय अडकवायची सोय सुरुवातीला नव्हती.

बोट धावायला पसरट पाणी हवं. बीड जिल्ह्यात तसं पाणी म्हणजे सिंदफणेवरचं माजलगाव धरण. पण पावसाने दगा दिला की तेही आटतं. अर्थात बोटच हवी असं नाही. बोटीविना, तारेने ओढणारी यंत्रणा जर्मनीच्या ब्रूनो रिक्सन यांनी 1960च्या दशकातच उभारली होती; तिच्या दोन खांबांच्या धाकट्या भावंडाला लांबट तळंही पुरतं.