कोल्ड बॉन्डिंग : चिकटतं कसं आणि सुटतं का?

फुटलेली बादली गोंदाने जोडायचा प्रयोग हॉस्टेलच्या बहुतेक प्रत्येक रूममध्ये होतो आणि बहुतेक प्रत्येक रूममध्ये फसतो! उलट पंक्चरवाल्याने दहा मिनिटांत लावलेला पॅच ट्यूब फाटेपर्यंत टिकतो. दोन्हीकडे वेल्डिंग नाही, बोल्ट नाही, भट्टी नाही. मग फरक कुठे पडतो?

उष्णता न देता, खोलीच्या तापमानाला दोन वस्तू चिकटवणं म्हणजे कोल्ड बॉन्डिंग. कोणताही गोंद चिकटण्याआधी पसरला पाहिजे. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाका, तो गोळा होऊन घरंगळतो. काचेवर तोच थेंब पसरतो. या पसरण्याला वेटिंग म्हणतात. गोंदाचे आणि पृष्ठभागाचे रेणू एकमेकांना ओढतात ते फारच कमी अंतरावरून, साधारण एका नॅनोमीटरच्या आत. म्हणून गोंद प्रत्येक खाचखळग्यात शिरला नाही तर वरून कितीही दाबा, उपयोग शून्य.

आता बादलीचं कोडं सुटतं. पॉलिथिनची सरफेस एनर्जी साधारण ३१ मिलिन्यूटन प्रति मीटर असते, तर बहुतेक इपॉक्सींचं सरफेस टेन्शन ४० च्या वर. त्यामुळे इपॉक्सी त्यावर नीट पसरतच नाही. स्वच्छ स्टीलची सरफेस एनर्जी याच्या कित्येक पट असते, त्यावर इपॉक्सी मस्त पसरते. पण ‘स्वच्छ’ या शब्दाखाली दोनदा रेघ मारा. स्टीलवर ऑइलचा किंवा नुसत्या बोटांचा हात लागला की गोंद स्टीलला न चिकटता त्या तेलकट थराला चिकटतो, आणि तो थर कशालाच धरून नसतो.

इंडस्ट्रीत याचं उत्तम उदाहरण म्हणजे कन्व्हेयरची पुली. चंद्रपूरसारख्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा बेल्टवरून बॉयलरकडे जातो. नुसत्या स्टीलच्या पुलीवर बेल्ट घसरतो, म्हणून पुलीवर रबराचं अस्तर चढवतात. त्याला लॅगिंग म्हणतात. भट्टीत हॉट व्हल्कनायझिंग करायचं तर साधारण १४० ते १५० अंश तापमान आणि दाब लागतो. कोल्ड पद्धतीत पुली जागेवरच ठेवूनही काम होतं.

क्रम असा : आधी ब्लास्टिंग किंवा ग्राइंडरने स्टील खरखरीत करायचं, सॉल्व्हंटने पुसायचं, प्रायमर लावायचा. मग सिमेंटमध्ये (हे बांधकामातलं नव्हे, रबराचं सोल्युशन!) हार्डनर मिसळून स्टील आणि रबर दोन्हींना लावायचं. पहिला हात पूर्ण सुकू द्यायचा. दुसरा हात इतपत सुकवायचा की बोटाची मागची बाजू लावली तर चिकट वाटेल, पण बोटाला काही येणार नाही. घाई केली तर सॉल्व्हंट आत अडकून फुगे येतात. उशीर केला तर दोन्ही थर एकजीव होत नाहीत. शेवटी मधून कडेकडे रोलर फिरवत हवा बाहेर काढायची. पंक्चरवाला कानस मारतो, सोल्युशन लावून थांबतो आणि मग पॅच ठोकतो, तो हाच क्रम आहे.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो, दव. स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावं असा नियम पाळतात, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर मध्ये येतो.

हा थर किती महाग पडू शकतो? २८ एप्रिल १९८८. हवाई बेटांमधलं अलोहा एअरलाइन्सचं फ्लाइट २४३, बोइंग ७३७, हिलोहून होनोलुलूला निघालेलं. २४,००० फुटांवर केबिनच्या छताचा सुमारे १८ फूट लांबीचा भाग उडून गेला. एक फ्लाइट अटेंडंट बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी विमान माउई बेटावर उतरवलं आणि उरलेले ९४ जण वाचले.

त्या सुरुवातीच्या ७३७ विमानांमध्ये पत्र्यांचे सांधे कोल्ड बॉन्डिंगने जोडलेले होते. इपॉक्सीत भिजवलेलं कापड दोन पत्र्यांच्या मध्ये, आणि जोडीला रिव्हेट. ते कापड आधीच सेट होऊ नये म्हणून थंड ठेवत. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरलं किंवा ते लावायच्या आधीच थोडं सेट झालं, तर बॉन्ड कच्चा राहायचा. पुढे सांध्यात ओल शिरली, गंज आला, बॉन्ड सुटला. मग जो भार गोंदाने सगळ्या रुंदीभर वाटून घ्यायचा तो रिव्हेटच्या भोकांवर आला. पत्रा पातळ, भोकाची कड सुरीसारखी धारदार. तिथून फटीगच्या भेगा सुरू झाल्या आणि एकमेकींना मिळाल्या. तोपर्यंत विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. बोइंगने ही पद्धत १९७२ मध्येच बंद केली होती, पण जुनी विमानं उडत राहिली. देखभालीच्या तपासणीतही सुटलेला बॉन्ड पकडला गेला नाही.

तपासातली एक गोष्ट वाचून मी अस्वस्थ झालो. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ भेग दिसली होती. ती कुणालाच सांगितली गेली नाही.

वेल्डिंगला एक्स-रे आहे, बोल्टला टॉर्क रेंच आहे. गोंदाच्या सांध्याची पूर्ण ताकद मात्र तो तोडल्याशिवाय कळत नाही. आवाज किंवा अल्ट्रासाउंडने सुटलेला भाग सापडतो, पण चिकटलेला भाग ‘किती’ चिकटलाय ते खात्रीने सांगता येत नाही. म्हणून इथे प्रोसेस हीच तपासणी. पृष्ठभाग कुणी साफ केला, तापमान किती होतं, हार्डनर कधी मिसळला, हे लिहून ठेवणं म्हणजे नुसती फाइल भरणं नव्हे. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेलात आणि एखादा सुपरवायझर “थोडं ओलं आहे, चालतंय” म्हणाला, तर नम्रपणे का होईना, पण बोला.

आणि हो, बादलीचं काय? नवीन घ्या. पॉलिथिनचं वेटिंग तुमच्या इच्छाशक्तीवर चालत नाही!