मेंढरांवाचून मेंढपाळ

कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावापासून खालापूरपर्यंतच्या पट्ट्यात फार्महाऊसच्या राखणीसाठी पाळला जाणारा जर्मन शेफर्ड, म्हणजेच जुन्या लोकांच्या तोंडचा अल्सेशियन, मुळात राखणदार नव्हे. १८९९ साली माक्स फॉन स्टेफानिट्झ या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने कार्ल्सरुह येथील प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा विकत घेऊन त्याचे नाव होरांड ठेवले आणि त्याच्यापासून या जातीची वंशावळ नोंदवण्यास सुरुवात केली. जर्मनीत मेंढ्या कुंपण नसलेल्या शेतांमधल्या पट्ट्यांवर चरत, तेव्हा हा कुत्रा बांधाच्या कडेने तासन्‌तास ये-जा करून पिकात तोंड घालू पाहणारी मेंढी मागे रेटत असे. न थकणारी दुडकी चाल आणि धन्याच्या इशाऱ्याकडे लागलेले कान ही त्याच कामाची देणगी होय. पुढे मेंढपाळी ओसरू लागताच स्टेफानिट्झने त्याला पोलीस आणि लष्कराच्या सेवेकडे वळवले.

ज्या बोरघाटात इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराचे स्मारक म्हणून लोकपरंपरा शिंग्रोबाचे देऊळ दाखवते, त्या घाटाच्या पायथ्याशी मेंढपाळाच्या कुत्र्याचे दुसरेच रूप आढळते. दिवाळीच्या सुमारास देशावरून कोकणात उतरणाऱ्या धनगरांची मेंढरे शेतकरी भात निघालेल्या खाचरांत लेंडीखतासाठी बसवून घेतात. रात्री ती वाघरीत, म्हणजे दोरांच्या जाळीच्या कुंपणात, कोंडली जातात आणि कुत्री बाहेर पडून असतात. लांडग्याची वा बिबट्याची चाहूल लागताच ती भुंकून सारा वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, जागा करतात. येथे मेंढरे वळतो तो माणूस, आणि खरा राखणदार ठरतो तो कोणतीही वंशावळ नसलेला गावरान कुत्रा. खंडोबाच्या घोड्यासोबत दिसणारे कुत्रे पाहता, मान त्याला अगदीच मिळाला नाही असे नाही.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे फार्महाऊसचा मालक कुत्र्याला दिवसभर आवारात सोडून देतो आणि तो कुंपणालगत फेऱ्या मारून गवताची पट्टी उघडी पाडू लागला की खोड म्हणून त्याला साखळी लावतो. वास्तविक तो बांधावरचे काम मेंढरांवाचून करू पाहत असतो, आणि माग काढण्याचे किंवा आज्ञापालनाचे रोजचे शिक्षण हाच त्यावरचा शहाणा उपाय. दुहेरी केसांमुळे कर्जतचा दमट उन्हाळा त्याला जड जातो आणि दाट केसांत गोचिडी लपतात. या जातीत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळत असल्याने पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे पाहून घ्यावेत.