प्रवासांतील लहान कॅमेरा

गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी मोरगांव तालुक्यांत गाढवी नदीवर इटियाडोहचें मातीचें धरण आहे. जवळच गोठणगांव, व तेथें १९७२ सालापासून असलेली तिबेटी लोकांची वसाहत. अशा ठिकाणीं चलच्चित्र घ्यावयास निघालेल्या प्रवाशाची पहिली चूक बहुधा घरींच होते. मोठा कॅमेरा, लांब नळीची लेन्स व उंच तिवई असा सरंजाम तो बरोबर बांधतो; मग पाण्याकांठीं जाळें ओढणारा ढीवर हात थांबवून त्याच्याकडेच पाहूं लागतो, आणि जें टिपावयाचें तें त्याच क्षणीं संपतें.

ही अडचण नवी नाहीं. १९२५ सालीं जर्मनींत लायका कॅमेरा विक्रीस आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारें हें यंत्र कोटाच्या खिशांत मावे. आंरी कार्त्ये-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार तर त्याचा चकाकणारा धातूहि काळ्या पट्टीनें झांकून टाकी.

तथापि लहान आकाराची किंमत मोजावी लागते. खिशांत मावणाऱ्या चांगल्या कॅमेऱ्यांत चित्र ग्रहण करणारा संवेदक सुमारें १३ बाय ९ मिलिमीटरचा असतो. मोठ्या कॅमेऱ्यांतील ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळानें सातपटींहून अधिक. मोबाइलमधील संवेदक बहुधा याहूनहि लहान. संवेदक लहान, तितका त्यावर पडणारा एकूण प्रकाश थोडा; म्हणून सांज होतांच चित्रांत रवा दिसूं लागतो. यास्तव लेन्स मोठ्या छिद्राची निवडावी व चित्रण शक्यतों उजेड आहे तोंच उरकावें. उंच तिवईऐवजीं वीतभर तिवई पुरते. ती नसल्यास कोपरें अंगाशीं टेकवून श्वास रोखावा. धरणावरील वाऱ्यानें आवाज बिघडतो. त्यासाठीं ध्वनिग्राहकावर केसाळ टोपण असावें. दोन जादा बॅटऱ्या घेतल्या, कीं सारें सामान एका शबनम पिशवींत बसतें.

एका कामीं मात्र हें सामान उणें पडतें. गोंदिया जिल्ह्यांत सारस पक्षी आढळतो. माणसाएवढ्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यांत पाणथळींत व भातखाचरांत घरटें करतो व बहुधा दोनच अंडीं घालतो. लहान लेन्स त्याला जवळ आणूं शकत नाहीं. म्हणून प्रवाशानें स्वतः जवळ जाऊं नये, ड्रोनहि उडवूं नये. घरटें सोडून उठलेल्या पक्ष्याचीं अंडीं कावळ्यांच्या तोंडीं जातात. विस्तीर्ण खाचरांत लहानसा दिसणारा सारस हेंहि खरेंच चित्र आहे.

माणसांविषयीं आणखी एक विवेक हवा. कॅमेरा नजरेंत न भरणें निराळें आणि तो लपविणें निराळें. आधीं चार शब्द बोलावे, परवानगी मागावी, आणि नकार मिळाल्यास कॅमेरा पिशवींत ठेवावा. चित्रण चालू असल्याचा लाल दिवा पक्ष्यापुढें मालवावा; माणसापुढें तो तसाच राहूं द्यावा.