जंगल गावाचे, किल्ली दिल्लीची

जंगलाचा खरा राखणदार कोण, या प्रश्नावर राजधानीत एकमत होणे कठीणच. पर्यावरण मंत्रालय जंगल ही सरकारी मालमत्ता मानत आले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याची जबाबदारी आदिवासी कार्य मंत्रालयाकडे आहे. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क या कायद्याने मान्य केला. तथापि, गावाला हे झेपेल काय, ही शंका दिल्लीच्या नोकरशाहीने कधी सोडली नाही.

वस्तुतः या शंकेचे उत्तर कुमाऊंच्या डोंगरांनी केव्हाच दिले आहे. १९११ ते १९१७ या काळात इंग्रजांनी तेथील विस्तीर्ण जंगल राखीव केले. त्याचा संताप १९२१ मध्ये पेटलेल्या वणव्यांतून प्रकट झाला. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. आज उत्तराखंडात दहा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे केलेले अध्ययन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वनपंचायतींचे जंगल सरकारी जंगलापेक्षा कमी प्रतीचे नाही आणि ते राखण्याचा खर्च मात्र सरकारी खर्चाच्या तुलनेत कितीतरी कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. खर्चाचा ताळेबंद मांडणाऱ्या अर्थ मंत्रालयाने तरी या निष्कर्षाची दखल घ्यायला हवी होती.

दिल्लीने निवडला तो मधला मार्ग. बंगालमधील अराबारी येथे १९७० च्या दशकात अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने गावकऱ्यांना उत्पन्नाच्या पंचवीस टक्के वाट्याची हमी देऊन उजाड सालवन पुन्हा उभे केले. त्याचाच आदर्श ठेवून १ जून १९९० रोजी केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले. पण परिपत्रक म्हणजे हक्क नव्हे. राखणदारी गावाची आणि निर्णय खात्याचा, अशा या भागीदारीत असंख्य समित्या कागदावरच राहिल्या.

हक्क आणि मेहेरबानी यांतील अंतर गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने देशाला दाखवून दिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा. बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती! अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. कायद्याने दिलेले पदरात पडण्यासाठी मंत्र्याला गावात यावे लागते, यातच व्यवस्थेचे मर्म आहे.

गाव म्हटले की सारे आलबेल, असे मात्र नाही. जेथे सवर्ण पुढारी पंचायत बळकावतात, जेथे सरपण आणणाऱ्या स्त्रियांना सभेत शब्द नसतो, तेथे सामूहिक जंगलही मोजक्यांचेच होते. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी याच अटी सांगितल्या: हद्द स्पष्ट हवी, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, देखरेख त्यांच्याकडेच असावी आणि सरकारने त्यांच्या अधिकाराला धक्का लावू नये.

या शेवटच्या अटीवरच दिल्ली वारंवार नापास होते. नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइट खाणीला एकमुखाने नकार दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने त्यांना विचारण्यास भाग पाडले म्हणून. २०१६ च्या कायद्याने भरपाई वनीकरणाचा प्रचंड निधी पुन्हा वन खात्यांच्याच हाती सोपवला. २०२२ च्या नियमांनी तर केंद्राच्या मंजुरीआधी वनहक्कांची पूर्तता तपासण्याची अटच काढून ती जबाबदारी राज्यांवर ढकलली. मंजुरी आधी आणि गावाला विचारणे नंतर, असा क्रम लागला की त्या विचारण्यात उरते काय?

गावे जंगल सांभाळू शकतात, हे नव्वद वर्षांच्या अनुभवाने सिद्ध केले आहे. आता परीक्षा गावांची नसून, दिलेला शब्द पाळण्याच्या दिल्लीच्या कुवतीची आहे.