बी २७ पॉझिटिव्ह आलंय, पुढे काय?

पंचविशीतल्या मुलाची कंबर पहाटे धरते. अंथरुणातून उठल्यावर मोकळी व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. हिंडू-फिरू लागला की बरं वाटतं. घरात कुणी म्हणतं गादी सरकली, कुणी कॉम्प्युटरला बोल लावतं. कमरेला पट्टा येतो, पडून राहायला सांगतात आणि पडून राहण्यानंच दुखणं वाढतं. खरी खूण हीच. ती कुणी ऐकली नाही, तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे पाठीच्या कण्याला सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान व्हायला वर्षंच्या वर्षं जातात.

मग कधीतरी रक्ताच्या रिपोर्टवर 'एचएलए-बी २७ पॉझिटिव्ह' असं छापून येतं आणि सगळं घर हादरतं. एचएलए ही पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. पेशीच्या आतले तुकडे प्रतिकारयंत्रणेला दाखवणं हे त्यांचं काम. बी २७ हा त्यांतला एक प्रकार, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. १९७३ मध्ये लंडनमध्ये डेरिक ब्रूअरटन यांच्या गटाला या आजाराच्या ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत तो सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत फक्त तिघांत. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांच्या गटालाही हेच दिसलं.

हे आकडे वाचताना गफलत होते ती उलट्या दिशेनं. रुग्णांत बी २७ भरपूर, पण बी २७ असलेल्यांत रुग्ण थोडेच: शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना हा आजार कधीच होत नाही. उलट, रिपोर्ट निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो. म्हणून निदान ठरतं ते दुखण्याची हकीकत, तपासणी आणि माकडहाडाजवळच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एक्स-रे किंवा एमआरआय यांवर. काहीही त्रास नसलेल्या धाकट्या बहिणीची बी २७ तपासणी करून घेण्याची घाई मला तरी पटत नाही. पत्रिकेतल्या मंगळासारखा हा कागद मग स्थळं बघतानाही मध्ये येतो.

आजार असलेल्यांसाठी मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. रोजचा व्यायाम हा उपचाराचाच भाग. पाठ ताणणारे प्रकार, जमल्यास पोहणं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पहिल्या. त्या पुरल्या नाहीत तर सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनं येतात. ती महाग असतात आणि सुरू करण्याआधी शरीरात क्षयाचे जंतू दबून बसलेले नाहीत ना, हे पाहावंच लागतं. सिगारेट सुटली तर फार बरं. आणि या आजारात डोळ्यालाही सूज येऊ शकते, म्हणून डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना, तर दुकानातून थेंब आणू नयेत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं, आणि त्यांना कमरेचंही सांगावं.