फडापासून गव्हाणीपर्यंत : उसाचा भार सुरक्षित कसा राहील?

प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. पुढे उसाचे क्षेत्र वाढत गेले आणि बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर-ट्रॉली आली. गळीत हंगामात फडातून निघालेली ट्रॉली प्रथम सऱ्या-वरंबे, पाटचारी व पाणंद ओलांडते आणि मगच डांबरी रस्त्यास लागते. अंतर थोडे असले तरी भाराची खरी परीक्षा याच टप्प्यात होते.

दोर सैल का पडतो?

फडात घट्ट आवळलेला दोर पाणंद संपेपर्यंत तसाच राहत नाही. प्रत्येक हादऱ्यासरशी मोळ्या खाली बसतात, त्यांच्यातील पोकळी भरते आणि भाराची उंची कमी होते. दोराची लांबी मात्र तेवढीच राहते. दोर आवळलेला असतो तोवर थरांवर दाब राहतो व मोळ्या परस्परांना धरून असतात. दाब गेला की मोळ्या सरकू लागतात.

उंचीचा परिणामही ध्यानात घेण्याजोगा आहे. समजा, ट्रॉलीच्या दोन चाकांमधील अंतर दीड मीटर असून एक चाक ३० सेंटिमीटर खोल चाकोरीत उतरले, तर तीन मीटर उंचीवरील मोळी सुमारे ६० सेंटिमीटर बाजूला झुकते. तोल जाण्यास एवढे झुकणे पुरेसे ठरू शकते.

घ्यावयाची दक्षता

मोळ्या दोन्ही बाजूंस समतोल रचाव्यात. दोनचाकी ट्रॉलीत भार मागे फार गेल्यास ट्रॅक्टरची मागील बाजू उचलली जाऊन चाकांची पकड घटते. पुढे फार आल्यास पुढील चाके हलकी होऊन वळविणे कठीण जाते. दोर ट्रॉलीच्या सांगाड्यास बांधावेत. केवळ मोळ्यांना बांधलेला दोर भार रोखू शकत नाही. जोडपिनीस अटकाव-खीळ असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डांबरी रस्त्यावर येताच ट्रॉली बाजूस थांबवून प्रत्येक दोर पुन्हा आवळावा. मागील परावर्तक लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकले गेले असल्यास तेही याच वेळी मोकळे करावेत. भारावर कोणासही बसू देऊ नये; ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांसाठी ही बाब विशेष जिव्हाळ्याची आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तीनुसार भार सांगाड्याबाहेर किंवा विहित उंचीपलीकडे गेल्यास २० हजार रुपये दंडाची तरतूद असून, भार नीट केल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही.

गावाचा वाटा

हे काम केवळ वाहनचालकाचे नव्हे. हंगामापूर्वी पाणंदीतील चाकोऱ्या भरणे, चारीवरील मोऱ्या दुरुस्त करणे आणि पाणंद रस्त्यास मिळते तेथे ट्रॉली थांबविण्यास सपाट जागा राखणे ग्रामपंचायतींना शक्य आहे. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याचा मुलांचा खेळ जिवावर बेतू शकतो. शिक्षकांनी हंगामाच्या आरंभीच वर्गात हे समजावून सांगितल्यास त्याचा निश्चित उपयोग होईल.

दोर पुन्हा आवळण्यास काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ दिल्यास वर्षभराच्या कष्टाचा ऊस गव्हाणीपर्यंत सुखरूप पोहोचेल आणि वाटेवरील माणसेही घरी सुखरूप परततील.