रिलेची परीक्षा

तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात 660 मेगावॉटचे पाच संच आहेत. एकूण क्षमता 3300 मेगावॉट. ही वीज 765 केव्हीच्या वाहिन्यांतून पश्चिमेकडे जाते. वाहिनीत बिघाड झाला की तेवढा भाग सेकंदाच्या अंशात तोडावा लागतो. तोडतो ब्रेकर, ‘तोड’ म्हणून सांगतो रिले.

जुन्या रिलेत, घरच्या जुन्या मीटरात असे तशी, ॲल्युमिनियमची तबकडी असते. मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह आला की ती फिरते आणि संपर्क जुळवते. प्रचलित वक्रानुसार, वेळेचा गुणक 1 वर असेल तर दुप्पट प्रवाहाला सुमारे 10 सेकंद, दहापटीला 3. टेस्टिंगवाले आधी सीटीची दुय्यम टोके जोडून घेतात (भारित सीटी उघडी राहिली तर तेथे हजारो व्होल्ट चढतात, चूक जिवावर बेतते), मग पेटीतून मोजका प्रवाह सोडून वेळ मोजतात. वर्षानुवर्षे न हललेली तबकडी धुळीने, पावसाळी ओलीने अडली आहे का, हे त्याशिवाय कळत नाही. आजचे संगणकीय रिले स्वतःची तपासणी करतात. पण ब्रेकर खरोखर उघडतो का, ते ब्रेकर उघडूनच पाहावे लागते.

एवढे केले की काम झाले, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते.

30 जुलै 2012 च्या रात्री 2.33 ला बीना–ग्वाल्हेर ही 400 केव्हीची वाहिनी तुटली. बिघाड कोठेच नव्हता. अंतरमापी रिले व्होल्टेजला प्रवाहाने भागून बिघाड किती दूर आहे ते ताडतो. त्या रात्री भार अतोनात, व्होल्टेज घसरलेले. भागाकार लहान आला आणि तिसऱ्या टप्प्याच्या रिलेला तो दूरचा बिघाड वाटला. उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा तशीच तुटली, आणि उत्तर, पूर्व व ईशान्य भारत अंधारात गेला; सुमारे 60 कोटी लोक. पश्चिमेचे जाळे, म्हणजे आपले, वाचले.

रिलेने मात्र त्याला नेमून दिले तेच केले होते. टेस्टिंगच्या पेटीवर तो उत्तीर्णच झाला असता! यंत्र आकड्याप्रमाणे चालते का, एवढेच पेटी सांगते; आकडा आजच्या भाराला योग्य आहे का, हे नाही. तिरोड्याचे पाचही संच 2012 ते 2014 या काळात सुरू झाले. एवढी वीज नव्याने आली की आसपासच्या जुन्या वाहिन्यांवरचा भार बदलतो, आणि कालचा आकडा पुन्हा मांडावा लागतो.

रिलेवर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी लावतात. सेटिंगचा हिशेब शेवटचा कधी केला, तेही त्याच चिठ्ठीवर लिहावे, असे माझे म्हणणे आहे.